महिनाभर आधी कळवावे

माझ्या आत्याला स्वतःचं मूल झालं नाही आणि तिनं एकशे सोळा मुलं वाढवली. हा आकडा आतोबांचा. ते आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासत आले, त्यामुळं मोजल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट खरी वाटत नसे. आत्याला विचारलं तर ती म्हणायची, "एकशे सोळा कुठं आहेत? नऊ आहेत. त्यातल्या दोघांची नाकं पुसायची राहिलीत."

तिचं पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या आणि जाळी लावलेली गॅलरी. मागं एक अरुंद खोली होती, तिथं एम.ए.ची दोन वर्षं मी राहिले. माझं टेबल आणि मुलांची झोपायची खोली यांच्यामध्ये फक्त एक लाकडी पार्टिशन होतं. दुपारी एक ते तीन मी पुस्तकाचं पानसुद्धा हलक्या हातानं उलटायचे. पलीकडून आधी कुजबुज यायची, मग एखादी खुसखुस, मग आत्याचा खालच्या पट्टीतला "हं", आणि मग नऊ जणांचे श्वास एकामागून एक लांब होत जायचे. नववा लांब झाला की आत्या पाय न वाजवता उठायची आणि उभ्याउभ्याच गार झालेला चहा प्यायची.

दारात बुटांसाठी नऊ खणांचं फडताळ होतं. खणांवर नावं नव्हती, चित्रं होती. मूल पहिल्या दिवशी आलं की आत्या त्याच्यापुढं चित्रांचा ढीग टाकायची, आणि ते ज्याच्यावर हात ठेवील ते चित्र त्याचं. छापखान्यातली उरलीसुरली चित्रं होती ती: मासा, छत्री, चमचा, कंदील, मुंगी. मग मूल त्याच नावानं ओळखलं जायचं, आणि मुलामागून त्याचं सगळं घरदार. "चमच्याच्या आजीचे गुडघे कसे आहेत?" असं आत्या भर रस्त्यात विचारायची आणि चमच्याचे वडील अदबीनं "बरे आहेत" म्हणायचे.

मूल ठेवायला आलेल्या जोडप्याला ती सगळं घर दाखवायची. संडासाची खालच्या अंगाला लावलेली कडी, स्वयंपाकघराचं बुटकं फाटक, औषधांचा उंचावरचा डबा. शेवटी हातात फॉर्म. फॉर्मवर सात नियम होते. पहिले सहा आतोबांनी लिहिलेले: नखं कापून आणावीत, औषधासोबत चिठ्ठी द्यावी, असे. लोक ते वाचून माना डोलवायचे. सातवा आत्याचा. त्याच्यावर ती स्वतः बोट ठेवायची. मूल काढायचे झाल्यास एक महिना आधी लेखी कळवावे.

"फीसाठी का?" असं हमखास एखादे वडील विचारायचे.

"त्या महिन्याची फी नका देऊ. दिवस द्या."

वडिलांना ती तुम्ही म्हणायची आणि आयांना पहिल्या दिवसापासून तू. मी कारण विचारलं तर म्हणाली, "आया ऐकतात गं. बापांना जरा लांब उभं करूनच बोलावं लागतं."

त्या एका महिन्यात ती काय करायची ते मी दोन-तीनदा जवळून पाहिलं. सुरुवातीला नुसतं बोलणं. कपडे घडी घालताना, केस विंचरताना, अगदी सहज: तू आता मोठी झालीस, तू अमक्या घरी जाणार, तिथं गच्ची आहे म्हणे. मग मुलानं रोज स्वतःची एक वस्तू स्वतःच्या हातानं घरी न्यायची. आज पेला, उद्या टॉवेल, परवा पांघरूण. खण त्याच्याच हातानं रिकामा व्हायचा. पुढं आत्या त्याला झोपवताना जवळ बसायची पण हात लावायची नाही. ते तिला फार जड जायचं, पार्टिशनच्या अलीकडे मला तिच्या बांगड्या उगाचच वाजताना ऐकू यायच्या. आणि शेवटच्या आठवड्यात आईनं येऊन रोज थोडा वेळ बसायचं, गप्पा मारायच्या, मुलासमोर हसायचं. "त्याला दिसलं पाहिजे," आत्या म्हणायची, "की हिनं मला टाकलं नाही आणि आईनं मला हिच्याकडून पळवलंही नाही. अंगावरचं दूध काय एका दिवसात तोडतात? तोडलं तर आईलाही ताप आणि बाळालाही."

हे तिनं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पाळणाघर सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी तिच्याकडे कंदील नावाचा मुलगा होता. आठ महिन्यांचा आला आणि तीन वर्षांचा होईपर्यंत राहिला. एका शनिवारी आईनं नेहमीसारखं नेलं आणि सोमवारी आणलंच नाही. निरोप आला, त्याची मावशी आता आमच्याकडेच राहायला आलीय, गरज नाही. आत्यानं दोन महिने खण रिकामा ठेवला. मग एकदा ती औषधांच्या दुकानात रांगेत उभी असताना पुढं तो आईचं बोट धरून होता. आत्या वाकली आणि म्हणाली, कंदील.

"ओळखलं नसतं ना, तर मला काही वाटलं नसतं," ती मला सांगत होती. मुलं निजलेली होती, ती बटणं लावत बसली होती. "ओळखलं त्यानं. डोळ्यांत दिसलं मला. आणि मग आईच्या ओढणीत तोंड खुपसलं. रुसला असता तरी चाललं असतं. तो घाबरला होता. त्याला वाटलं, हिनं मला टाकलं, आता पुन्हा आलीय. तीन वर्षांच्या माणसाला दुसरं काय वाटणार?"

सुईत दोरा ओवायला तिनं माझ्याकडं दिला, तिला दिसत नव्हता.

मी राहायला गेले तेव्हा मुंगी सव्वा वर्षाची होती. ती पाच महिन्यांची असताना आली होती. चित्रांच्या ढिगातून तिनं मुंगी उचलली आणि सरळ तोंडात घातली, म्हणून आत्यानं दुसरी मुंगी चिकटवली. तिची आई बँकेत कर्जविभागात होती. कामाशी काम ठेवणारी बाई. चेकवर सही करावी तशी बोलायची, थोडक्यात आणि ओळीवर. सकाळी पावणेनऊला येऊन डबा, कपडे, वही अशी तीन वस्तूंची नावं घेऊन पिशवी द्यायची, आणि संध्याकाळी त्याच तीन वस्तू मोजून घ्यायची. वाईट नव्हती. तिला रेंगाळता येत नव्हतं एवढंच.

मुंगी सकाळी आईचा हात सोडताना मागं वळून बघायची नाही आणि संध्याकाळी मात्र आत्याच्या पायांना मिठी घालायची. एकदा आईसमोरच ती आत्याला आई म्हणाली. आत्या लगेच म्हणाली, "आई ती बघ, तिथं. मी आत्या. आई म्हटलंस तर मला तुझी शी धुवावी लागेल घरी येऊन." सगळे हसलो. मुंगीची आईही हसली. पण पुढचे तीन दिवस ती अर्धा तास लवकर आली, आणि दारातूनच गेली.

त्यानंतर वर्षभरानं तिची बदली झाली. आणि तिनं नियमाप्रमाणे, एक महिना आधी, लेखी कळवलं. आम्हाला ते समजलंच नाही.

प्रत्येक मुलाची एक वही असायची, ती रोज पिशवीतून ये-जा करायची. डाव्या पानावर आत्या लिहायची: खाणं, झोप, शी, ताप. उजवं पान आईबापांचं. ही वही आतोबांनी निवृत्त व्हायच्या वर्षी छापून घेतली होती, चारशे प्रती, माळ्यावर अजून गठ्ठे होते. छापताना सोळा पानांचा एक फर्मा असतो. सगळा मजकूर बसवून शेवटी एक पान उरत होतं, आणि कोरं पान आतोबांना बघवत नसे. म्हणून त्यांनी त्याच्यावर चौकट टाकली, वर "पालकांची लेखी सूचना" असा मथळा दिला आणि खाली सहीसाठी दोन ओळी आखल्या: पालक, संचालिका. बारा वर्षांत त्या पानावर कुणी काही लिहिलं नव्हतं. मूल काढणारी माणसं घरी यायची, साध्या कागदावर चार ओळी द्यायची, चहा प्यायची, थोडं रडायची. आत्या आजच्या तारखेचं पान उघडायची, उजवीकडचं वाचायची, डावीकडं लिहायची आणि वही मिटायची. शेवटचं पान असतं हेच ती विसरून गेली होती.

बँकेतल्या बाईनं मात्र चौकट दिसली तिथं लिहिलं. तारीख घातली, सही केली. तिच्या जगात लिहिलं म्हणजे सांगितलं.

नंतर दोन्ही बाजू जुळवून पाहिल्या तेव्हा कळलं, तो महिना कसा गेला ते. मुंगीची आई रोज घरी गेल्यावर शेवटचं पान उघडून बघायची. दुसरी ओळ रिकामीच. तिला वाटलं आत्या रागावली, मुद्दाम सही करत नाही. मग तिला समोर यायचा धीर होईना. ती पिशवी घ्यायची आणि निघायची, पुढं पुढं तर नवऱ्यालाच पाठवायला लागली. इकडं आत्या मला विचारायची, "माझं काही चुकलं का गं? मागं माशानं चावा घेतला होता हिला, त्याचं धरून बसली असेल का ती?" आणि आईचा राग जावा म्हणून वहीत चार शब्द जास्तीचे लिहायला लागली. आज सगळा डबा संपवला. आज छत्रीला स्वतःची खेळणी दिली. आज झोपेत हसली. मुंगीची आई ते वाचायची आणि तिला वाटायचं, ही मला दाखवून देतेय, बघ, माझ्याकडं किती सुखात असते पोर.

मुंगी एकदा म्हणालीही होती, "आमच्या घरात खोकी आलीत. मी आत बसते." आत्या म्हणाली, "मज्जा आहे बाई तुझी."

शेवटच्या दिवशी साडेपाचला मुंगीची आई स्वतः आली. हातात दोन रिकाम्या पिशव्या होत्या आणि कागदात गुंडाळलेली एक फोटोची चौकट. इतर मुलं गेली होती, फक्त मासा गॅलरीत जाळीला लोंबकळत होता.

"तिच्या वस्तू काढून ठेवल्यात का?" तिनं विचारलं.

"कुठल्या वस्तू?"

"सगळ्याच. आज शेवटचा दिवस ना."

आत्या हातातला टॉवेल तसाच धरून उभी राहिली. "कशाचा शेवटचा?"

"आत्या, मी लेखी दिलं होतं. एक तारखेला." तिनं पिशवीतून वही काढली आणि शेवटचं पान उघडून पुढं केलं. आत्यानं चष्मा मागितला. मी दिला. तिच्या खांद्यावरून मीही वाचलं. स्वच्छ, सरळ अक्षर. माझी बदली झाल्यामुळे या महिनाअखेरीस मुलीला पाळणाघरातून काढत आहे. नियम क्रमांक सातप्रमाणे एक महिना आधी कळवत आहे. तिच्यासाठी आपण जे केले ते. इथून पुढचं वाक्य खोडलेलं होतं.

आत्यानं दोनदा वाचलं. "हे पान मी आज पहिल्यांदा बघतेय."

मुंगीच्या आईचा चेहरा कोरा झाला. "महिनाभर मी रोज बघत होते," ती म्हणाली, "सही केली का तुम्ही."

"आणि मी रोज बघत होते, तू दोन मिनिटं बसतेस का."

गॅलरीतून मासा म्हणाला, "आत्या, मी माकड झालोय."

"निघायचं कधी?" आत्यानं विचारलं.

"उद्या सकाळी सहाला ट्रक येतोय. सोमवारी मला हजर व्हायचंय."

"आठ दिवस तिला इथं ठेवशील? माझ्याजवळ? तोवर तुझं घरही लागेल. मग हे येऊन सोडतील."

मुंगीच्या आईनं मान खाली घातली. म्हणाली, "आत्या, ती आधीच तुम्हाला आई म्हणते."

"हो," आत्या म्हणाली. "चुकले मी. असं विचारायला नको होतं."

मुंगी फडताळापाशी बसून उजवा बूट डाव्या पायात घालत होती. आत्या तिच्या शेजारी जमिनीवर बसली. एका महिन्याचं काम होतं आणि बाहेर रिक्षा उभी होती.

"मुंगे, तू उद्या नव्या गावाला जाणार आहेस."

"तू पण."

"मी नाही. मी इथंच."

"का?"

"इथं मासा आहे, छत्री आहे. त्यांना कोण बघणार?"

"बरं," मुंगी म्हणाली. बूट बदलून घेतले. उठली आणि म्हणाली, "उद्या निळा पेला माझा. चमच्याला नाही द्यायचा."

आत्या मुलांशी कधी खोटं बोलत नसे. आत जाऊन तिनं निळा पेला आणला. "आजच घेऊन जा. तुझाच आता." मुंगीला इतका आनंद झाला की ती पेला डोक्यावर उलटा घालून नाचत रिक्षापर्यंत गेली आणि नेहमीसारखाच हात हलवला. तिच्या आईनं आणलेल्या चौकटीत मुंगीचाच फोटो होता. तो टेबलावर कागदातच राहिला.

त्या संध्याकाळी आतोबांनी माळ्यावरचे गठ्ठे खाली काढले. पट्टी लावून एकेका वहीचं शेवटचं पान फाडायला लागले.

"पान माझं होतं," ते म्हणाले. "चूक माझी."

"तुमचं पान, तिचं अक्षर आणि माझे डोळे," आत्या म्हणाली. "तिघांनी मिळून एका पोरीला फसवलं. फाडताय कशाला? आता काय उपयोग?"

"कोरं असतं तर बरं झालं असतं."

"जन्मात पहिल्यांदा म्हणालात हे."

ते फाडत राहिले. दीडशेच्या वर वह्या होत्या.

आठव्या दिवशी मुंगीच्या आईचा फोन आला. मुंगी नव्या पाळणाघरात जायला लागली होती. रडत नव्हती.

"अजिबात?" आत्यानं विचारलं.

"अजिबात नाही."

"मग बरं लक्षण नाही."

फोन स्पीकरवर होता, आत्याचे हात ओले होते म्हणून. मुंगीची आई सांगत होती: दिवसभर दाराजवळ बूट घालून बसते. तिथल्या ताईनं बुटाला हात लावला की पाय पोटाशी घेते. म्हणते, आत्ता जायचंय मला. झोपत नाही. बसल्या जागी पेंगते.

"माझं काही काढते का?"

"नाही. मी तुमचं नाव घेतलं तर दुसरंच काही बोलायला लागते."

आत्या ओट्याला टेकली. "तसंच," ती म्हणाली. "अगदी तसंच." कुणासारखं ते मला माहीत होतं.

"आत्या, मी काय करू?" मुंगीची आई म्हणाली. एवढ्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.

आत्यानं हात पुसले, फोन उचलला. "माझा महिना राहिलाय तुझ्याकडं. तो मला दे. रोज साडेसहाला फोन कर. मी नाही करणार, तूच कर, आणि तिच्यासमोर कर. तू माझ्याशी बोलताना तिनं बघितलं पाहिजे. हसताना बघितलं पाहिजे."

"हसू येणार नाही हो मला."

"मग नवऱ्याची चहाडी कर. येईल."

पहिल्या संध्याकाळी मुंगीच्या आईनं खरोखरच चहाडी केली. नवऱ्यानं कपड्यांच्या खोक्यावर भांडी लिहिलं होतं आणि भांड्यांच्या खोक्यावर काहीच नाही, त्यामुळं चार दिवस ते कागदी पेल्यातून चहा पीत होते. त्यावर आत्या जरुरीपेक्षा जास्त हसली. आतोबा पेपरमागून म्हणाले, "मुद्रितं तपासायला माणूस नको म्हणतात हल्ली." मग पलीकडून फोनवर नुसता श्वास ऐकू आला. मुंगीचा. आत्यानं काही विचारलं नाही. माशाचा दात किडल्याबद्दल डॉक्टर काय म्हणाले, छत्रीनं कात्रीनं स्वतःचे केस कापले, आज कोण किती वेळ झोपलं, असं सांगत राहिली. दहा मिनिटं तो श्वास ऐकू येत राहिला आणि मग फोन ठेवला गेला.

तिसऱ्या दिवशी मुंगी बोलली. "माझा खण कुणाला दिला?"

"अजून कुणाला नाही. पण देणार आहे. सोमवारी एक बाळ येतंय."

"मुंगी नको देऊ त्याला."

"नाही. मुंगी मी काढून ठेवली. ते त्याचं चित्र घेईल."

मग मुंगी म्हणाली, "तू नाही सांगितलं."

"हो," आत्या म्हणाली. तिचा आवाज होता तसाच होता, पण मोकळा हात पदराचं टोक गुंडाळत होता. "मला कळलंच नव्हतं, तू जाणार ते. तुझ्या आईनं लिहिलं होतं, मी वाचलं नाही. कळलं असतं तर आपण दोघींनी मिळून सामान भरलं असतं."

"मी भरलं. बाहुली मीच भरली."

"मग तू माझ्यापेक्षा शहाणी."

त्यानंतर मुंगी रोज बोलायला लागली, कधी कधी चाळीस मिनिटं. आत्याचा स्वयंपाक मागं पडायचा, आतोबा न बोलता कुकर लावायचे. दुसऱ्या आठवड्यात आत्यानं मुंगीच्या आईला सांगितलं, मला त्या तिकडच्या ताईशी बोलायचंय. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या ताईचा फोन आला. विशी-बाविशीची असावी, चुकलेल्या मुलीसारखी दबकत बोलत होती. मुलं निजली होती, मी पार्टिशनच्या अलीकडे होते, आत्या माझ्या खोलीत येऊन खुर्चीवर बसून बोलली. म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"तिला थोपटू नकोस. डाव्या कानाची पाळी चोळायची, हळू. आणि झोप म्हणायचं नाही, झोप म्हटलं की उठून बसते. म्हणायचं, डोळ्यांना सुट्टी दे. जेवत नसेल तर तिला दुसऱ्या कुणाला तरी भरवायला लाव, दोन घास झाले की आपोआप स्वतः खाते. बूट तू काढू नकोस. तुझे काढ, तिच्यासमोर, आणि म्हण की माझ्या चपलेशेजारी कुणाचे ठेवू? लिहून घेतेस का? नको लिहून घेऊ. पाठ कर."

फोन ठेवून ती थोडा वेळ माझ्या पुस्तकांकडं बघत बसली. "एवढंच होतं माझ्याजवळ," ती म्हणाली. "दिलं."

दोन दिवसांनी भर दुपारी मुंगीच्या आईनं बँकेतून फोन केला. एरवी कामाच्या वेळात ती कुणाला फोन करणाऱ्यातली नव्हती. बूट काढले, एवढंच ती म्हणाली आणि पुढं तिला बोलता येईना. "रड," आत्या म्हणाली, "पण काउंटरवर नको, लोकांना वाटेल बँक बुडाली."

मग आत्या म्हणाली, आता एक दिवसाआड.

त्या दिवशी मी तिला विचारलं. विचारायला नको होतं, पण तेव्हा मला वाटायचं, सगळ्या गोष्टी विचारून घ्याव्यात. "तुला नाही वाटत, तिनं तुझी आठवण ठेवावी?"

ती चिमुकले मोजे जोड्या लावून ठेवत होती. "कुठलं मूल ठेवतं गं? तू ठेवलीस का, तुला कुणी कुणी कडेवर घेतलं त्याची? हात कुणी सोडला का कुणी झटकला, तेवढं मात्र राहतं कुठंतरी आत. ते नीट झालं की बाकीचं विसरायला मोकळं." एक मोजा उरला. तिनं तो उलटा केला, सुलटा केला. "कुणाचा हा?" ती म्हणाली, आणि ते माझ्यासाठी नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात मुंगी फोनवर यायची, सांगायची ते भराभर सांगायची आणि आत्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन आईकडे द्यायची. आत्या खूश दिसायची. जेवताना आतोबांना सांगायची, "आज तीन मिनिटं फक्त." आतोबा "वा" म्हणायचे आणि तिच्या ताटाकडं बघायचे. ताटातलं अर्धं तसंच असायचं.

चौथ्या आठवड्यात मधे एकदा मुंगीनं "आत्या" ऐवजी "ताई" म्हणून हाक मारली, पलीकडं दोघींची नावं मिसळली होती. आत्यानं सुधारलं नाही. "बोल, राणी," म्हणाली.

महिना भरला त्या दिवशी फोन साडेसहाच्या जरा नंतर आला. मुलं गेली होती, मी केर काढलेल्या खोलीत चटया गुंडाळत होते. मुंगीची आई म्हणाली, "येत नाहीये हो ती. खेळात आहे. दोनदा बोलावलं. ओढून आणू का?"

"नको, नको."

"तुम्हाला वाईट वाटेल."

"अगं, एवढ्यासाठी तर महिनाभर बोलतेय. आता फोन करायचा नाही. कधी मोठी झाल्यावर बघू."

"आत्या," मुंगीची आई म्हणाली, "त्या पानावर मी पुढचं खोडलं होतं. तुम्ही जे केलंत ते..."

"राहू दे. खोडलंस तेच बरं. लिहून होत नाही ते." मग ती थांबली आणि म्हणाली, "एक कर. तो फोन जरा तिच्या जवळ नेऊन धर. बोलू नकोस. तिला कळू देऊ नकोस."

आत्यानं स्पीकर बंद केला आणि फोन कानाला घट्ट लावला. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी चटई हातात धरून तिच्या चेहऱ्याकडं पाहत होते. पलीकडं मुंगी कुणाशी तरी बोलत असावी, कारण आत्याच्या भुवया मधेच वर जायच्या, मधेच ती ओठ दाबून हसू आवरायची, एकदा तर "असं" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. चार-पाच मिनिटं गेली. मग तिनं फोन कानापासून दूर केला, त्याच्याकडं पाहिलं आणि बोटानं बंद केला.

आतोबांनी पेपर खाली घेतला. "काय म्हणत होती?"

"कुठल्याशा बंड्याला रागावत होती. त्यानं हिचा रंग घेतलाय. तिथल्या झोक्याचं काहीतरी सांगत होती. सगळी नवीन नावं." आत्यानं चष्मा काढून डोळ्यांच्या कडा पुसल्या, जसं ते रोजच्या कामाचाच भाग असावं तसं. "आपल्याकडचं एकही नाव नाही घेतलं. एकदासुद्धा नाही."

"म्हणजे झालं."

"झालं," आत्या म्हणाली. "अगदी छान झालं."

खोलीत अंधारायला लागलं होतं. चहा टाकते, असं म्हणून ती तशीच बसून राहिली. आतोबा उठले, दिव्याचं बटण दाबायला म्हणून हात वर केला, आणि तिच्याकडं पाहून तो पुन्हा खाली घेतला.